जीपमध्ये वात वळता आली पाहिजे

मी आयुष्यभर लोकांच्या बुडाखालची कामं केली. हसू नका. वर्ध्यात आर्वी नाक्यावर माझं, बंडू मिस्त्रीचं, गाड्यांच्या पाट्यांचं दुकान होतं, आणि गाडीचे पाटे, ते चाकांवरचे लोखंडी स्प्रिंग, म्हणजे दुसरं काय असतं? रस्ता आणि माणसाचं बूड यांच्यातला करार. करार मोडला की लोक माझ्याकडे यायचे. कोणी कंबर धरून, कोणी मान धरून, आणि समुद्रपूरचे एक गुरुजी तर कवळी रुमालात बांधून. त्यांचं म्हणणं असं की जाम चौकापर्यंत दात तोंडात राहतात, पुढे ते आपल्या मताने वागतात.

मी सांगतो त्यातलं बारा आणे खरं धरा. उरलेले चार आणे ग्रीस समजा. त्याशिवाय कुठलाच सांधा नीट फिरत नाही.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो. तुमच्या घरच्या कारमध्ये प्रत्येक चाकाचा संसार वेगळा असतो. डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला त्याची खबर नसते. जुन्या फोर-बाय-फोर जीपचं तसं नाही. समोरची दोन चाकं एका जाडजूड लोखंडी दांड्याच्या दोन टोकांना, मागची दोन दुसऱ्या दांड्याला. याला आम्ही अख्खा ॲक्सल म्हणतो. बैलगाडीचा आख पाहिला असेल तर निम्मी विद्या तुम्हाला आलीच. जंगलात हा ॲक्सल राजा आहे. एक चाक दगडावर चढलं की दांडा दुसऱ्याला खाली दाबतो आणि जीप चारही पाय जमिनीला लावून बकरीसारखी वर जाते. पण हायवेवर हाच राजा गावंढळ होतो. डाव्या चाकाने धक्का खाल्ला की उजव्याला ठसका लागतो आणि स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात कबुतरासारखं फडफडतं.

त्यात आपल्या लोकांची एक खोड. गाडी बसली, पाटा टाका. गाडी बसली नाही, पुढेमागे बसेल म्हणून पाटा टाका. कापूस भरायचा आहे, पाटा टाका. आर्वीच्या एका हौशी तरुणाने तर पाटे चढवून चढवून जीप इतकी उंच केली की आत बसायला शिडी लागायची आणि पुलगावकडून वारा सुटला की ती आपोआप अमरावतीच्या दिशेला तोंड करायची. मी त्याला म्हटलं, बाबू, पाटे काढ. तो म्हणाला, "काढले तं लोक पाह्यतीन कोणाकडे?" मी त्याची शिडी धरली.

तर अशा धंद्यातली सगळ्यात अवघड काम मला दुकान बंद करायच्या शेवटच्या वर्षी लागलं, आणि ते लावलं एका बाईने.

देवरावभाऊ वनखात्यात ड्रायव्हर होते. बोरच्या जंगलात त्यांनी जी जीप अर्धं आयुष्य चालवली, ती लिलावात निघाली तेव्हा त्यांनीच घेतली. त्या जीपवर त्यांचं इतकं प्रेम की पावसात स्वतः भिजायचे आणि ताडपत्री बोनेटवर टाकायचे. बोलायला कमी. जंगलात राहून बोलणं विसरले असं त्यांची बायको म्हणायची. त्या कुसुमवहिनी. त्यांच्याकडे मात्र दोघांपुरतं बोलणं शिल्लक होतं.

एक दिवस दोघं दुकानात आले. वहिनी जीपमधून उतरल्या त्या दोन टप्प्यांत. आधी पाय, मग बऱ्याच वेळाने कंबर.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "माह्या पाठीतला एक मणका या जीपीच्या नावानं हाय. दर मह्यन्याले नागपूरले डॉक्टरकडे जा लागते. स्टेशनाच्या पायऱ्या माह्यानं चढवत नाई. आन् या जीपीत बसलं की डॉक्टरनं जे बसवलं थे सेलूपर्यंत परत निघते."

"मंग गाडी बदला ना," मी सहज म्हटलं. देवरावभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना बायको बदलायला सांगितलं.

"तेच तं चालू हाय," वहिनी म्हणाल्या. "पोरानं गिऱ्हाईक पाह्यलं नागपुरात. ढाबेवाला हाय. जीप ढाब्यासमोर उभी करनार, रंग देनार, आन् आत झेंडू लावनार."

"झेंडू?"

"झेंडू," देवरावभाऊ म्हणाले. त्या दिवशीचा त्यांचा तो पहिला शब्द.

मग ठरलं असं की पुढच्या डॉक्टरच्या तारखेला दोघं जीपनेच नागपूरला जाणार. ढाबेवाला पोराच्या घरी येऊन बसणार. वहिनी उतरून सांगणार, ठेवायची की द्यायची. आणि न्याय कशावर? तर वातीवर. वहिनींचा लाखवातीचा नेम चालू होता. एक लाख वाती हाताने वळून देवापुढे लावायच्या. आमच्याकडे बायका हा नेम धरला की कापूस सोडत नाहीत. चहा उकळेपर्यंत दहा, मालिका संपेपर्यंत चाळीस. वहिनींच्या मांडीवर स्टीलचा डबा, त्यात पिंजलेला कापूस, बोटांना लावायला चिमूटभर राख.

"मले तुमचं ते मशीन-फिशीन कळत नाई," त्या म्हणाल्या. "जीपीत बसून मले नागपूरपर्यंत शंभर वाती वळता आल्या पाह्यजे. सरळ, सारख्या. देवासमोर ठेवता येईन अशा. आल्या तं जीप राह्यली, नाई तं झेंडू."

मी आयुष्यात अनेक यंत्रं पाहिली. लेझरवाली पाहिली, कॉम्प्युटरवाली पाहिली. पण कुसुमवहिनींच्या बोटांइतकं नाजूक यंत्र माझ्या दुकानात त्याआधी आलं नव्हतं. पहिल्या दिवशी काहीच न करता आम्ही सेलूपर्यंत गेलो आणि परत आलो. वहिनींनी वळलेल्या वाती मी बाकावर मांडल्या आणि चष्मा लावून वाचल्या. काही ठरावीक अंतराने जाड-बारीक होत्या, म्हणजे सिमेंट रोडचे सांधे थेट सीटपर्यंत येत होते. काही मधेच वाकड्या झाल्या होत्या, म्हणजे जीप रस्ता सोडून इकडेतिकडे हिंडत होती. आणि निम्म्या तुटलेल्या. ते खड्डे. वहिनींनी सगळ्या एका पुडीत बांधल्या, वर लिहिलं 'पह्यली फेरी', आणि पुडी माझ्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. दुसरं गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "मिस्त्री, अंगारा हाय का?"

मग मी जीप उघडली.

मागचे पाटे मोजले तर अकरा. आणि सगळे गंजून एकमेकांना असे चिकटलेले की अकरा पाटे नव्हतेच ते, एक लोखंडी पाट होता. पाटा म्हणजे नुसतं लोखंड नसतं. धक्का आला की प्रत्येक पाट्याने खालच्यावर थोडं सरकायचं असतं, तेव्हा धक्का मरतो. सरकणं बंद झालं की धक्का सरळ मणक्यात. मी एकेक पाटा सोडवला, घासला. खालून दुसरा पाटा उलटा केला आणि हातातला ब्रश तसाच राहिला. टोकाशी छिन्नीने ठोकलेली खूण होती. फुलीत एक टिंब. ती माझी खूण.

आठवलं. देवरावभाऊंना जंगलात सिमेंटचे खांब न्यायचे होते, त्यांनी एक पाटा मागितला होता. मी दोन टाकले. एक मैत्रीखातर फुकट. खांब गेले, पाटे राहिले. आणि इतकी वर्षं वहिनी त्या फुकटच्या पाट्यावर बसून फिरत होत्या.

मी देवरावभाऊंना खूण दाखवली. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हिले सांगू नोको."

मी नाही सांगितलं. ते दोन पाटे काढून टाकले. बाकीच्यांना ग्रीस, टोकांमध्ये नायलॉनच्या पट्ट्या, सांध्यांना नवे रबरी बुश, चारही शॉकअब नवे. जंगली दातांचे टायर काढून रस्त्याचे घातले. हवा कमी केली, कारण देवरावभाऊ टायरमध्ये हवा भरायचे ती दगड फोडायच्या हिशोबाने.

दुसऱ्या फेरीला वाती तुटल्या नाहीत. मी छाती फुगवली. पण सगळ्या वाती वाकड्या.

"हे पाहा," वहिनी म्हणाल्या, "आता धक्का नाई. पन जीप अशी डुलते जशी बारातीतून येऊन राह्यली."

बरोबर होतं. जीप मऊ झाली तसं तिचं समोरचं ढिलेपण उघडं पडलं. चाक ज्या खुंटीवर वळतं तिला किंगपिन म्हणतात. ती किती घट्ट हवी हे हाताला कळत नाही. लोक अंदाजाने आवळतात आणि रस्त्यावर हनुमानाचं नाव घेतात. मी चाकाच्या दांडीला रद्दीवाल्याचा आकड्याचा काटा अडकवतो आणि ओढून पाहतो, किती ओढीला चाक वळायला सुरुवात होते. कमी आलं तर आवळ, जास्त आलं तर सोड. माझ्या या काट्यावर आमच्या नाक्यावरच्या रद्दीवाल्याने कधी विश्वास ठेवला नाही, पण किंगपिनने ठेवला.

आणि दुसरी गोष्ट, पाचर. सायकलचा समोरचा चिमटा तिरपा का असतो, कधी विचार केला? तो कल असतो म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. ॲक्सललाही तसा कल लागतो, आणि या जीपचा कल जंगलात आपटून आपटून संपला होता. मी समोरच्या पाट्यांच्या आणि ॲक्सलच्या मधे लोखंडी पाचरी बसवल्या. तिसऱ्या फेरीला मी स्वतः चालवत होतो, शेजारी वहिनी. सेलूच्या अलीकडे मी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला, मळून तोंडात टाकला, आणि जीप दोरी धरल्यासारखी सरळ. हे बारा आण्यांतलं आहे.

वाती बाकावर मांडल्या. सगळ्या सारख्या. एकीतून दुसरी ओळखता येईना.

"हाव," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या तोंडून इतकं छोटं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग लगेच, "पन सेलू म्हंजे नागपूर नोहे."

तारखेच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण आपली जीप परीक्षेला चालली आणि आपण घरी बसायचं, हे मला जमलं नसतं. जाऊन पाहतो तर जीपच्या मागच्या भागात गव्हाचं एक पोतं, तुरीच्या डाळीचं अर्धं, कुरड्यांचे दोन डबे, लोणच्याची बरणी, एक कोहळं आणि नातवासाठी लाकडी घोडा.

"वहिनी, हे काय?"

"पोराच्या घरी चाल्ली ना मी. हात हालवत जाऊ काय?"

सगळं मागच्या फाळक्याला, म्हणजे खाली पडणाऱ्या दाराला, टेकवून रचलेलं होतं आणि उरलेल्या जागेत, अगदी फाळक्याजवळच्या बाकावर, मी बसलो. माझं वजन सांगतो. बायको समोर असली तर पंचाण्णव, नसली तर एकशे दहा.

सेलूपर्यंत स्वर्ग. वहिनींच्या डब्याच्या झाकणावर वाती जमत होत्या. त्या मधूनमधून मोठ्याने मोजायच्या, "चौदा... पंधरा..." आणि देवरावभाऊंचे कान प्रत्येक आकड्याला लाल व्हायचे. एकविसावी झाली. केळझर मागे टाकलं. एका पुलाच्या सांध्यावर समोरचं चाक आपटलं आणि ते सुरू झालं.

ज्याने अनुभवलं नाही त्याला काय सांगू? दोन्ही समोरची चाकं डावी-उजवी, डावी-उजवी, लेझीम खेळायला लागली. स्टिअरिंग देवरावभाऊंच्या हातातून सुटू पाहत होतं, जीपचा पत्रा दात वाजवत होता, लाकडी घोडा माझ्या मांडीवर दौडत होता. बरणी मी छातीशी धरली. देवरावभाऊंनी ब्रेक मारला नाही, तोच खरा ड्रायव्हर. पाय उचलला, स्टिअरिंग घट्ट पण शांत धरलं, आणि जीप हळूहळू थरथर सोडत कडेला येऊन थांबली.

वहिनींच्या वाती खाली पत्र्यावर पसरल्या होत्या.

मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"द्या विकून," वहिनी म्हणाल्या.

देवरावभाऊ उतरले. समोर जाऊन उभे राहिले आणि बोनेटवर तळहात ठेवला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. मला ते पाहवेना. मी जीपखाली घुसलो. किंगपिन घट्ट. दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड घट्ट. पाचरी जागेवर, नट जागेवर. सगळं बरोबर आणि तरी चूक. पस्तीस वर्षांची विद्या रस्त्याच्या कडेला पाठीवर पडून आकाशाकडे पाहत होती. बाहेर आलो आणि वहिनींना म्हटलं, कारण आता लपवून काय फायदा, "वहिनी, तुमच्या पाठीचा गुन्हेगार मीच हाव. मागचा जास्तीचा पाटा मी टाकलता."

"ठाऊक हाय मले," त्या खाली वाकता येत नव्हतं तरी एकेक वात उचलत म्हणाल्या. "तवा तुमीच तं घरी येऊन सांगतलं होतं, वहिनी, आता हत्ती बसवा मागं. मी मनातल्या मनात म्हटलं, बसवला माह्या पाठीवर."

देवरावभाऊ हसले. मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी दमून पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसलो.

वहिनी जीपच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला.

"मिस्त्री, उतरा बरं."

उतरलो.

"चढा."

चढलो.

"अजी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पाह्यलं का? मिस्त्री बसले की समोरचा दिवा झाडाच्या शेंड्याकडे पाह्यते."

मी फाळक्याला हात लावून तसाच थिजलो. इतकी सोपी गोष्ट! मी मागचे दोन पाटे काढले होते, म्हणजे मागची बाजू आता मऊ. तिन्ही फेऱ्या मी रिकाम्या जीपवर केल्या आणि प्रत्येक वेळी स्वतः समोर बसलो. त्या हिशोबाने पाचरी बसवल्या. आज गहू, डाळ, कोहळं आणि मी, सगळं फाळक्याला टेकून. जीपचं बूड बसलं, नाक वर झालं, समोरची चाकं हलकी झाली आणि त्यांचा कल माझ्या पाचरींपेक्षाही जास्त झाला. थोडा कल चाकाला सरळ ठेवतो, फार झाला की एका धक्क्याला ते फडफडत सुटतं. पुस्तकात हे सगळं आहे. फक्त पुस्तकात हे नाही की आई लेकाच्या घरी रिकाम्या जीपमध्ये जात नसते. ते मला, या मातीतल्या माणसाला, न सांगता कळायला हवं होतं.

पोती ओढून समोरच्या सीटच्या पाठीला टेकवली. डबे त्यांच्या मधे, कोहळं वहिनींच्या पायाशी. जीपचं नाक थोडं खाली आलं. अजून थोडं हवं होतं. आता जीपमध्ये मागे एकच नग उरला होता. तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"बंडू," देवरावभाऊ खाली पाहत म्हणाले, "तुले राग तं नाई येनार ना?"

आयुष्यभर मी लोकांच्या गाड्यांतून फालतू वजन काढलं. स्वतःच्या हाताने स्वतःला काढण्याची वेळ तेवढी पहिलीच. मी उतरलो, फाळका लावला, वर दोनदा थाप मारली. वहिनींनी खिडकीतून मला चार कुरड्या दिल्या, जणू मी हिमालयात राहणार होतो.

"पह्यलेपासून मोजा वहिनी," मी म्हटलं.

"मले शिकवू नोका," त्या म्हणाल्या आणि राखेच्या पुडीत बोट घातलं.

जीप निघाली. सत्तरवर गेली असेल, इंजिनाचा आवाज ऐकून मला वेग कळतो. पुढे पुलाचा दुसरा सांधा होता. मी श्वास धरून पाहत राहिलो. सांधा आला, जीपने तो गिळला, आणि सरळ पुढे गेली, पांढऱ्या पट्टीच्या शेजारून, पट्टीइतकीच सरळ. लहान होत होत दिसेनाशी झाली तरी मी पाहत उभा होतो. मग वर्ध्याची एसटी आली. कंडक्टरने विचारलं, "काका, हायवेवर एकटे कुरड्या खात काय करून राह्यले?" मी सांगितलं, टेस्टिंग.

वर्धा जवळ आलं आणि फोन वाजला. देवरावभाऊ. हळू आवाजात, देवळात बोलतात तसे.

"बंडू."

"पोचले?"

"नाई. बुटीबोरीच्या पुढं हाव. लिंबाखाली उभी केली जीप."

"काय झालं? चाक? परत फडफडलं?"

"नाई नाई. जीप मस्त हाय. हिले झोप लागली."

"झोप?"

"हाव. मान माह्या खांद्यावर पडली. या जीपीत आजपर्यंत कधी नाई झोपली. मी भीतभीतच कडेले घेतली."

"वाती किती झाल्या?"

"एकेचाळीस. बेचाळिसावी हातात हाय. अर्धीच. शंभर तं नाई झाल्या. आन् तो ढाबेवाला पोराच्या घरी येऊन बसला, त्याचे फोनवर फोन येऊन राह्यले. इंजिन चालूच ठेवलं मी. बंद केलं तं उठंन. काय करू? उठवू काय?"

फोनमधून मला इंजिन ऐकू येत होतं. चारही सिलिंडर एका सुरात, आणि त्याच्या खाली, जरा कान देऊन ऐकलं तर, वहिनींचं बारीक घोरणं. एसटीत माणसं उतरायला उठली होती. मी मात्र बसूनच राहिलो.

"देवरावभाऊ," मी म्हटलं, "टाकीत डिझल किती हाय?"

"भरून हाय."

"मंग घाई कायची?"